पाणी पोचते, निरोप पोचतो का?

२०१९ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी पुण्यात संगणकासमोर बसून कोयना धरणाचे आकडे पाहत होतो. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या मामांना फोन लावला आणि धरणात किती टीएमसी पाणी आहे, दरवाजे किती फूट उचलले आहेत, विसर्ग किती क्युसेक आहे, हे सगळे वाचून दाखवू लागलो. मामांनी मध्येच थांबवले. "अरे, ते क्युसेक राहू देत तुझ्याकडं. आयर्विनला किती फूट होणार आणि कधी, तेवढं सांग. म्हणजे माळ्यावर काय काय चढवायचं ते ठरवतो."

मला सांगता आले नाही. माझ्यासमोर आकडे भरपूर होते आणि त्यांपैकी एकही चुकीचा नव्हता. पण मामांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. पुढच्या काही दिवसांत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे या आकड्याचा अर्थ लक्षात येईल. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या आसपास आले होते, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा सुमारे ५५ फुटांपर्यंत चढले.

पुराची कारणे, धरणांचे नियोजन, अलमट्टीचा वाद हे सगळे विषय महत्त्वाचे आहेत. पण हा लेख निरोपाविषयी आहे. साताऱ्यात मोजलेला आकडा सांगलीत उपयोगी पडेल अशा रूपात पोचतो का, आणि त्यासाठी संगणकशास्त्राने दिलेली साधने आपण नीट वापरतो का, याची ही चिकित्सा आहे.

मिरजेचा धडा

आधी नदीचा नकाशा डोळ्यांसमोर आणू. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कोयना कराडला प्रीतिसंगमावर तिला मिळते. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि कोयना ही धरणे सातारा जिल्ह्यात आहेत. खाली सांगलीच्या लगत हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिच्यावरचे धरण चांदोलीला आहे. म्हणजे आयर्विन पुलाजवळची पातळी कोणा एका धरणावर ठरत नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथला पाऊस, पाच-सहा धरणांचे विसर्ग, धरणांच्या खालच्या भागात पडलेला पाऊस आणि वारणेचा फुगवटा या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो.

आता ही माहिती कोणाकडे असते ते पाहा. पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभागाकडे. नदीच्या काही ठिकाणच्या पातळ्या केंद्रीय जल आयोगाकडे. धरणांचे आकडे राज्याच्या जलसंपदा विभागाकडे. लोकांना हलवण्याचा निर्णय जिल्हा प्रशासनाकडे आणि महानगरपालिकेकडे. खालच्या बाजूला कर्नाटकाची यंत्रणा. प्रत्येकाची नोंदवही वेगळी, संगणक वेगळे, आणि ज्या भाषेत ती माहिती साठवली आहे ती भाषाही वेगळी.

समजा अशी १० कार्यालये आहेत आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलायचे ठरवले. दहा माणसांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले तर किती हस्तांदोलने होतील, हे गणित आपण मुलांना घालतोच. उत्तर ४५. म्हणजे ४५ जोड्यांसाठी ४५ वेगवेगळे दुभाषे लागणार. एका कार्यालयाने आपली पद्धत बदलली की नऊ दुभाष्यांना नव्याने शिकवावे लागणार. त्याऐवजी मध्ये एकच केंद्र ठेवले आणि प्रत्येकाने फक्त त्या केंद्राशी बोलायचे ठरवले तर १० जोडण्या पुरतात. या मधल्या केंद्राला संगणकशास्त्रात इंटिग्रेशन सर्व्हर म्हणतात.

या भागातल्या वाचकांना हे समजायला मिरज स्टेशन आठवावे. पुणे-कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्यानंतर कित्येक वर्षे मिरजेला तीन रुळांच्या गाड्या येत : १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडून येणारा १००० मिलिमीटरचा मीटरगेज, आणि कुर्डुवाडी-पंढरपूरकडून येणारा बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जात नसे. माल उतरवायचा, मोजायचा, कुठे जाणार ते पाहायचे, दुसऱ्या डब्यात भरायचा आणि पावती द्यायची. इंटिग्रेशन सर्व्हर नेमकी हीच कामे करतो. आलेला निरोप घेतो, त्याचे रूप तपासतो, समोरच्याच्या रूपात बदलतो, योग्य पत्त्यावर पाठवतो आणि पोच घेतो. पुढची लाइन बंद असेल तर निरोप रांगेत जपून ठेवतो. कार्यालयांच्या ज्या ठरावीक खिडक्यांतून ही देवघेव चालते त्यांना वेब सर्व्हिस म्हणतात. नेहमीचे संकेतस्थळ माणसाच्या डोळ्यांसाठी असते. वेब सर्व्हिसची खिडकी दुसऱ्या संगणकासाठी असते. ठरलेल्या पद्धतीने विचारायचे, 'कोयना, आज सकाळी आठ वाजता, पातळी किती?', आणि ठरलेल्या रूपात उत्तर घ्यायचे.

आकड्याच्या अंगावरची चिठ्ठी

ते ठरलेले रूप म्हणजे बहुधा एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचे पहिले प्रमाण जाहीर केले. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक माहितीच्या दोन्ही बाजूंना ती काय आहे हे सांगणारी चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावायची. टॅगची नावे आपण ठरवायची. ती देवनागरीतही चालतात. उदाहरणार्थ :

<नोंद>
<ठिकाण>आयर्विन पूल, सांगली</ठिकाण>
<पातळी>४५</पातळी>
</नोंद>

हा निरोप संगणक बिनचूक वाचील. (प्रत्यक्षात आकडे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात, कारण संख्या तपासण्याची नेहमीची पद्धत मराठी अंक ओळखत नाही.) पण आपण शिक्षक आहोत. एखाद्या मुलाने उत्तरात नुसते '४५' लिहिले तर आपण लगेच विचारतो, '४५ काय? आंबे की पैसे?' इथेही तेच विचारायला हवे. ४५ फूट की मीटर? आणि त्याहून अवघड प्रश्न : कुठून मोजलेले ४५?

दुसरा प्रश्न वर्गात फारसा येत नाही, म्हणून थोडे थांबू. आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. सांगलीकर जे फूट सांगतात ते त्या पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे आहेत आणि त्यांचा शून्य त्या पट्टीचा आहे. केंद्रीय जल आयोग नदीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो. कोयना धरणाची पूर्ण संचय पातळी २१६३ फूट ६ इंच, म्हणजे ६५९.४३ मीटर, हीसुद्धा समुद्रसपाटीपासून. फुटांचे मीटर करायला ०.३०४८ ने गुणले की झाले. पण पट्टीवरच्या फुटांची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची तर पट्टीचा शून्य किती उंचीवर आहे हे ठाऊक हवे. ते निरोपात नसेल तर जगातला कोणताही सर्व्हर ते स्वतःच्या बुद्धीने शोधून काढू शकत नाही.

एककाची चिठ्ठी न जुळल्याने काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण १९९९ चे आहे. मंगळाकडे निघालेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अमेरिकी यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका गटाची आज्ञावली बलाचा परिणाम पौंडांत देत होती, दुसऱ्या गटाची तो न्यूटनमध्ये आहे असे धरून चालली होती. निरोप वेळेवर पोचत होते आणि त्यांतले आकडेही बरोबर होते. अर्थ मात्र दोन्ही टोकांना वेगळा होता.

म्हणूनच पाण्याच्या मोजमापांसाठी वॉटर-एमएल नावाचे वेगळे एक्सएमएल रूप आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तीत मोजमापाबरोबर एकक, वेळ, ठिकाण यांना पक्क्या जागा दिल्या आहेत. रूप तयार आहे. प्रश्न ते भरण्याचा आहे.

इशाऱ्याचा चांगला साचा

आकडे कार्यालयांसाठी असतात, इशारा लोकांसाठी. इशाऱ्याकरिताही एक्सएमएलचा साचा आहे. त्याचे नाव कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, थोडक्यात कॅप. ओएसिस या प्रमाणसंस्थेने २००४ मध्ये तो स्वीकारला. आज वापरात असलेली १.२ ही आवृत्ती २०१० ची आहे. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सी-डॉट या संस्थेकडून त्यावर आधारित 'सचेत' ही यंत्रणा उभारली. हवामान विभाग, जल आयोग यांसारख्या संस्था इशारा देतात, राज्याची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा मंजुरी देते, आणि ठरावीक भागातल्या मोबाइलवर तो स्थानिक भाषेत जातो. २०२३ मध्ये आपल्यापैकी अनेकांचे फोन अचानक मोठ्याने वाजले होते. ती मोबाइल मनोऱ्यांवरून सगळ्यांना एकाच वेळी निरोप देण्याची चाचणी होती.

साचा म्हणून कॅप मला फार आवडतो. त्यात घाई, तीव्रता आणि खात्री या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. आपण बोलताना त्या हमखास मिसळतो. 'मोठा पूर येणार' या वाक्यात मोठा म्हणजे तीव्र, की लवकर, की नक्की? कॅपमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. खात्रीच्या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहिले', 'संभाव्यता निम्म्याहून अधिक', 'शक्य पण निम्म्याहून अधिक नाही' असे पर्याय आहेत. संभाव्यता शिकवायला इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

वेळेचेही तसेच. निरोप पाठवल्याची वेळ, तो लागू होण्याची वेळ, घटना सुरू होण्याची अपेक्षित वेळ आणि इशाऱ्याची मुदत अशा चार वेगळ्या जागा आहेत. शिवाय प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक असतो आणि नवा निरोप कोणत्या जुन्या निरोपाची जागा घेतो हे लिहिता येते. पुराच्या काळात दोन वर्षांपूर्वीचा निरोप गटागटांतून फिरत राहतो आणि लोक घाबरून जातात, हा अनुभव सर्वांचा आहे. मुदत आणि क्रमांक यांवर त्याचा इलाज आहे. सर्व्हर निरोप रांगेत जपून ठेवतो असे वर म्हटले, तिथेही मुदत हवीच. रात्री दोनचा आकडा सकाळी सातला पोचला आणि त्यावर वेळ नसेल, तर तो उशिरा पोचलेला निरोप न पोचलेल्या निरोपापेक्षा घातक ठरू शकतो.

रकाने आहेत, भरणार कोण?

मग तक्रार काय आहे? माझ्या तीन तक्रारी आहेत.

पहिली जागेबद्दल. कॅपच्या साच्यात इशारा कोणत्या भागासाठी आहे हे नकाशावरच्या बहुभुज आकृतीने सांगता येते. आपण मात्र सवयीने जिल्ह्याचे नाव लिहितो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगली जिल्ह्यात शिराळा आणि जत यांची हीच तऱ्हा. 'जिल्ह्यात अतिवृष्टीचा इशारा' हा निरोप दहिवडीच्या माणसाला चार वेळा खोटा ठरला की पाचव्या वेळी तो वाचत नाही. हवामान विभाग अलीकडे घाटभाग वेगळा सांगू लागला आहे, ही चांगली सुरुवात आहे. पण पुराला तेवढ्याने भागत नाही. सांगलीत ऊन पडलेले असताना सांगलीत पूर येऊ शकतो, कारण पाऊस वर पडलेला असतो. पुराचा इशारा जिल्ह्याच्या सीमेप्रमाणे न देता नदीच्या प्रवाहाप्रमाणे द्यायला हवा. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अडचण नाही. बहुभुज नदीकाठाने काढायचा, एवढेच.

दुसरी तक्रार भाषांतराबद्दल, आणि ती मामांची आहे. लोकांपर्यंत जो आकडा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त येतो तो धरणाच्या विसर्गाचा. ५०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला ५०,००० घनफूट, सुमारे १४१६ घनमीटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर दिवसभरात ४.३२ टीएमसी. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. पण ते धरणावरच्या अभियंत्याच्या कामाचे आहे. नदीकाठच्या कुटुंबाला हवे असते ते आयर्विनच्या पट्टीवरचे फूट, तास, आणि आपली गल्ली. ही साखळी जोडण्यासाठी लागणारे शास्त्र उपलब्ध आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक व पातळीमापक बसवले आणि पुराच्या अंदाजाची गणिती प्रारूपे तयार करून घेतली. या साखळीची शेवटची कडी मात्र स्थानिक ज्ञानाची आहे. पाणी चढू लागले की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता ही नावे आधी ऐकू येतात. मारुती चौक त्यानंतर. किती फुटांना कोणती वस्ती, हे सांगलीतल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. कॅपमध्ये 'काय करावे' या सूचनेचा स्वतंत्र रकाना आहे. हे तोंडपाठ ज्ञान तिथे यायला हवे. त्याऐवजी तिथे 'नागरिकांनी सतर्क राहावे' असे वाक्य येते. सतर्क राहून नेमके काय करायचे?

तिसरी तक्रार पोचपावतीबद्दल. सर्व्हर पोच घेतो, कॅपमध्येही पोचपावतीचा प्रकार आहे. पण ती यंत्राने यंत्राला दिलेली पोच असते. निरोप मोबाइलवर उतरला म्हणजे तो कळला असे नाही, आणि कळला म्हणजे म्हातारीला बैलगाडीत बसवले असेही नाही. आपण फळ्यावर लिहिले म्हणजे शिकवून झाले असे समजणाऱ्या शिक्षकासारखीच ही चूक आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अंदाज फुटांत आणि तासांत सांगितला आणि चुकला तर? क्युसेकचा आकडा चुकत नाही, कारण तो मोजलेला असतो. अंदाज चुकू शकतो, आणि चुकला की सांगणाऱ्यावर खापर फुटते. म्हणून मोजलेलेच सांगण्याकडे कल असतो. पण खात्रीचा रकाना याच अडचणीसाठी केलेला आहे. 'उद्या दुपारपर्यंत ४८ ते ५१ फूट, शक्यता निम्म्याहून अधिक' असे सांगणे हा कमीपणा नाही; तेच शास्त्रीय विधान आहे. अंदाजातली अनिश्चितता लपवली तर तो सगळा भार ऐकणाऱ्यावर पडतो. अंदाजच दिला नाही तर तो त्याहून जास्त पडतो, कारण मग ऐकणारा स्वतःच अंदाज बांधतो, तोही कोणत्याही साधनाशिवाय.

शाळेचे काम

हे सारे शिक्षकांच्या मासिकात का, असे कोणी विचारील. पुरात शाळेचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. वर्ग म्हणजे निवारा होतो, शिक्षक म्हणजे यादी करणारे, जेवण वाटणारे आणि निरोप सांगणारे होतात. कागदावर नसले तरी प्रत्यक्षात या निरोपयंत्रणेचे शेवटचे टोक शिक्षकच असतात. तेव्हा हे टोक आधीपासून तयार का असू नये?

नदीकाठच्या शाळांनी एका उन्हाळ्यात तीन गोष्टी कराव्यात. पहिली : मुलांनी घरोघरी जाऊन २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आले होते त्या खुणा विचारून नोंदवाव्यात आणि साध्या पाण्याच्या नळीने त्यांची एकमेकांशी उंची जुळवून पाहावी. लवचीक पारदर्शक नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीत राहते. गवंडी हीच युक्ती वापरतात. दुसरी : जवळच्या पुलावरच्या पट्टीचे फूट आणि गावातली ठिकाणे यांचे कोष्टक करावे. पट्टीवर अमुक फूट झाले की पाणी अमुक चौकात, अमुक विहिरीपाशी, अमुक वर्गाच्या पायरीला. तिसरी : वरच्या वर्गातल्या मुलांनी एका काल्पनिक पुरासाठी पूर्ण निरोप लिहावा. ठिकाण, आकडा, एकक, शून्य कुठला, वेळ, मुदत, घाई, तीव्रता, खात्री आणि काय करावे, असे दहा रकाने. मग तो दुसऱ्या गटाला द्यावा आणि विचारावे, 'यावरून तुम्ही काय कराल?' उत्तर आले नाही तर निरोप लिहिणाऱ्याने पुन्हा लिहावा.

असे कोष्टक तयार झाले तर त्याची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावावी आणि एक प्रत ग्रामपंचायतीमार्फत तहसील कार्यालयाकडे द्यावी. मोठ्या यंत्रणेत जो रकाना रिकामा राहतो तो भरण्याची सामग्री गावातच असते. ती कोणी नीट लिहून दिलेली नसते, एवढेच.

मामांच्या जिन्याच्या भिंतीवर तीन पुरांच्या तीन रेघा आहेत. पेन्सिलीने ओढलेल्या, वर्ष लिहिलेल्या. एकक नाही, शून्य नाही. पण घरातला प्रत्येक माणूस त्या बिनचूक वाचतो, कारण त्या कुठून मोजल्या हे सर्वांनी पाहिलेले आहे. गेल्या खेपेला गेलो तेव्हा मी त्या टेपने मोजल्या आणि प्रत्येकीशेजारी त्या दिवशीचे आयर्विनचे फूट लिहून ठेवले. मामा चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, "आता पुढच्या वेळी फोन केलास की हे बघून बोल."